कुसेरीचं शिवलेलं दार

कुसेरीच्या खाडीवर, तरीच्या धक्क्यापासून पाच मिनिटांच्या चढावर, किरिस्तावांचं एक छोटं देऊळ आहे. लांबून पाहिलंत तर विशेष काही नाही. कौलं, चुन्याच्या भिंती, वर एक लाकडी क्रूस, आवारात उंडीची दोन झाडं. पण दाराशी थांबा आणि फळ्यांवरून हात फिरवा. त्या दारात एकही खिळा नाही, पट्टी नाही, लोखंडाची बिजागरी नाही. सात फळ्या काथ्याच्या सुंभाने एकमेकींना शिवलेल्या आहेत, बायका गोधडी शिवतात तशा.

खाऱ्या हवेत सुंभ फार तर दीड वर्ष टिकतो. म्हणून दर वर्षी, दिवाळीच्या सुमारास जमिनीकडून मतलई वारा सुटला की त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी ते दार उसवतात आणि पुन्हा शिवतात. शिवायला दोघं लागतात. एक देवळाच्या आत बसतो, एक बाहेर पायरीवर. आतला किरिस्ताव असतो आणि बाहेरचा मुसलमान. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. एका भोकातून सुंभ आत येतो, शेजारच्या भोकातून बाहेर जातो.

काथ्या माझ्या वखारीतून जातो, म्हणून येणारे-जाणारे पाहुणे मलाच विचारतात. एकदा पुण्याचे एक इंजिनीअर आले होते. भला माणूस. सगळं बघून म्हणाले, "अहो, स्टीलचे चांगले स्क्रू लावून देतो, माझ्या खर्चाने. पुढची शंभर वर्षं दाराकडे बघायला नको." देवळाची व्यवस्था बघणारा इनासमामा तिथेच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, तेच तर नको आहे." इंजिनीअर माझ्याकडे बघायला लागले. मग मी त्यांना वखारीत बसवलं, चहा मागवला आणि जे सांगितलं तेच इथे लिहितो. मी ते इनासमामाकडून ऐकलंय आणि मोहल्ल्यातल्या सुलतानचाचाकडूनही ऐकलंय. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे तसं स्पष्ट सांगेन.

सहा-सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट, असं सांगतात. फिरंग्यांचं राज्य यायला अजून बराच काळ होता. कुसेरी तेव्हा गलबतं बांधणाऱ्यांचं बंदर होतं, आणि इथली गलबतं शिवलेली असत. खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो. शिवलेलं गलबत खडकाला घासलं तर जरा वाकतं, पण फुटत नाही, असं जुनी माणसं म्हणत. गावात किरिस्तावांची वीस-पंचवीस घरं. ते इराणच्या बाजूने समुद्रावरून आलेले, प्रार्थना सुरियानी भाषेत म्हणणारे. मुसलमानांची त्याहून थोडी जास्त. किरिस्ताव गलबताच्या आत बसून शिवत आणि मुसलमान बाहेरून. असं का, ते कोणालाच ठाऊक नाही. सुलतानचाचा म्हणतो, किरिस्तावांना ऊन सोसत नसे. इनासमामा म्हणतो, मुसलमानांना गलबताच्या पोटात दिवसभर गप्प बसणं जमत नसे.

कामाची रीत मात्र पक्की होती. आतल्याने फळीवर मोगरीने दोनदा ठोकलं की बाहेरच्याने सुंभ दांड्याला गुंडाळायचा, फळीला पाय लावायचा, ओढायचं आणि धरून ठेवायचं. आतला भोकात लाकडी खुंटी ठोकून सुंभ पक्का करी. मग तो एकदाच ठोके. त्याचा अर्थ, सोड. ओढणं कोणालाही येतं. खरं काम धरण्याचं. खुंटी बसेपर्यंत केसाएवढाही ताण ढिला पडता कामा नये, आणि ते अंगात मुरायला दहा-दहा वर्षं लागत.

किरिस्तावांचा धर्मगुरू होता शिमोन. धर्मगुरूला ते कशीश म्हणत. शिमोनचा बाप कशीश होता, आजाही कशीश. रविवारी तो वेदीपाशी उभा राही आणि सोमवारी गलबताच्या पोटात शिवायला बसे. त्या लोकांच्या रीतीप्रमाणे त्याचं लग्न झालेलं होतं. बायकोचं नाव शुशन. खाडीपलीकडच्या खाजणात नारळाची सोडणं कुजवून सुंभ वळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि बोलण्यातही नव्हतं. शिमोनचा बाहेरचा जोडीदार होता इद्रूस. वीस वर्षं दोघांनी एकाच फळीच्या दोन बाजूंना काढली होती.

एका वैशाखात, पाऊस तोंडावर आलेला असताना, एक परदेशी जहाज कुसेरीच्या खडकावर फुटलं. त्यावरचे चाळीस शिपाई, त्यांचा कप्तान आणि फ्रा आन्सेल्मो नावाचा पाद्री, एवढे जिवंत वाचले. गावाने त्यांना पाण्यातून ओढून काढलं, पेज पाजली. ओढून काढणाऱ्यांत इद्रूसही होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आन्सेल्मो हा वाईट माणूस नव्हता, असं दोन्हीकडचे लोक सांगतात. अनवाणी चाले, एकदाच जेवे, तापाने फणफणलेल्यांच्या उशाशी बसून राही. पश्चिमेकडच्या समुद्राकाठी अक्का नावाचं शहर आहे. तिथे किरिस्तावांचं राज्य असताना तो लहानाचा मोठा झाला. तो दहा वर्षांचा असताना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, मुसलमान सुलतानाच्या फौजेने ते शहर घेतलं. त्या दिवशी त्याने काय काय पाहिलं ते तो कधी आवाज चढवून सांगत नसे. भाजीचा भाव सांगावा तसं सांगे, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई.

त्याला एकच प्रश्न आयुष्यभर कुरतडत होता. देवाने अक्का पडू कशी दिली? त्याच्या गुरूंनी त्याला उत्तर दिलं होतं, की घर घाण होतं म्हणून. धर्मगुरू पदं विकत होते, बापाचं पद मुलगा घेत होता, बायकामुलांत रमत होता. आधी देवळं स्वच्छ करायची, मग लढायचं. त्याशिवाय देव जय देणार नाही. हे त्याच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं की पाऊस सुरू झाला आणि तो कुसेरीत अडकला तेव्हा, देवाने आपल्याला इथे मुद्दाम धाडलं, असं त्याने धरून टाकलं.

त्याला व्यापाराची फारसी येत होती, शिमोनलाही. पहिल्या महिन्यातच तो रविवारी वेदीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "जो माणूस रात्री बायकोपाशी निजतो आणि सकाळी हे पवित्र भांडं हातात घेतो, त्याच्या हातून काहीही पवित्र होत नाही. बापाकडून हे पद आंदण घेतलेल्याच्या हातून तर नाहीच."

शिमोनलाच ते लोकांना समजावून सांगावं लागलं. स्वतःविरुद्धचं बोलणं त्याने शब्द न गाळता सांगितलं.

रिबका नावाची म्हातारी पुढे बसली होती. तिचा दीड वर्षाचा नातू त्याच पावसाळ्यात गेला होता. ती उठून शिमोनला म्हणाली, "त्याला विचार, माझ्या पोराचा बाप्तिस्मा तूच केला होतास. तो धरणार ना देव?"

पाद्रीने तिच्याकडे बघितलं. खोटं बोलणं त्याला जमत नसे. "तो झालेलाच नाही, आई," तो म्हणाला.

त्या दिवसापासून गाव बदललं. बाप्तिस्मा न झालेल्याला स्वर्गाचं दार बंद, असं ते मानत, आणि ज्याच्या त्याच्या घरात कोणी ना कोणी मेलेलं होतंच. पाद्रीने वाट दाखवली, ती अशी. त्याला त्याच्या वरिष्ठांनी अधिकार दिला होता: अक्का परत घेण्याच्या पवित्र युद्धासाठी जो हात लावील त्याची सगळी पापं माफ, आणि त्याने मागितलं तर त्याच्या मेलेल्या माणसांचीसुद्धा. युद्धासाठी हवं होतं एक लढाऊ गलबत. मिसरच्या सुलतानाकडे जाणारा माल आणि माणसं या समुद्रावरच अडवायची, म्हणजे तिकडे त्याचा हात आखडेल. कप्तानाला तर घाई झालीच होती. अटी दोन. गलबताला मुसलमानाचा हात लागता कामा नये. आणि शिमोनने बायकोला घराबाहेर काढावं, मग त्याला तो रीतसर, शुद्ध कशीश करील.

शिमोनने आठ दिवस मोगरी हातात घेतली नाही. नवव्या दिवशी रिबका त्याच्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि त्याचे पाय धरले. "बांध रे बाबा. माझं पोर बाहेर आहे. बाहेर पावसात उभं आहे, मला दिसतं."

तेव्हा निर्णय शुशननेच केला. तिने कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि अंगणात उभ्या असलेल्या पाद्रीसमोर जाऊन थांबली. "पाद्रीबाबा, माझ्यामुळे तुमचं शहर पडलं हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मी जन्मलेच नव्हते." एवढं बोलून ती तरीत बसली आणि खाजणातल्या झोपडीत राहायला गेली. इनासमामा म्हणतो, त्या दिवशी पाद्री जेवला नाही.

पावसाळाभर मांडवात गलबत शिवलं गेलं. आत शिमोन. बाहेर रिबकाचा मुलगा आणि त्याच्यासारखे चार-पाच जण, ज्यांनी जन्मात बाहेरून काम केलेलं नव्हतं. गावाची खरी चूक इथे झाली. सगळ्यांना वाटलं, ओढायचंच तर आहे.

इद्रूस एकदा कुंपणापाशी येऊन उभा राहिला. शिपायांनी त्याला आत येऊ दिलं नाही.

"बाहेरून कोण धरतंय?" त्याने ओरडून विचारलं.

"रिबकाचा दुसरा."

"तो? अरे, त्याला ताडीचं मडकं धरता येत नाही!"

एरवी शिमोन हसला असता. तो आत वळला आणि दोनदा ठोकलं. बाहेरून सुंभ ताणला गेला आणि खुंटी बसायच्या आत जरासा सैल पडला. त्याने पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच झालं. चार महिने हेच चाललं होतं.

मतलई सुटली. इद्रूस पुन्हा कुंपणापाशी आला. या वेळी नवा सदरा घालून, आनंदात. "शिमोन्या, आई शनिवारी निघाली हजला. शेजारच्या बंदरातून गलबत सुटतंय, इथूनच खाडीच्या तोंडासमोरून जाणार. तुला सलाम सांगितलाय. म्हणाली, त्याच्या देवाजवळ माझ्यासाठी दोन शब्द टाकायला सांग."

शिमोनच्या हातातली मोगरी तशीच राहिली. कप्तानाचे शिपाई कालपासून 'शनिवार, शनिवार' करत होते, ते कशासाठी हे त्याला त्या क्षणी कळलं.

तो तडक पाद्रीकडे गेला. "त्या गलबतावर म्हातारी माणसं आहेत. यात्रेकरू आहेत."

"अक्कामध्येही होती," आन्सेल्मो म्हणाला.

शनिवारी सकाळी गलबत पाण्यात ढकललं. चाळीस शिपाई चिलखतं चढवून तयार होते. खाडीच्या तोंडाबाहेर, दूर, हजच्या गलबताचं शीड दिसायला लागलं होतं. पाद्रीने शिमोनला पुढे बोलावलं, नव्या गलबताला आशीर्वाद दे म्हणून.

आता इथे जरा थांबायला हवं. शिमोन आतला माणूस. प्रत्येक टाका त्याच्या बोटांखालून गेलेला. पुढच्या बाजूची डावी ओळ धरणार नाही, वाळूच्या पट्ट्यापलीकडच्या लाटेला उघडेल, हे त्याला दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं. त्याने नुसतं गप्प बसायचं होतं. इद्रूसची आई मक्केला पोचली असती आणि शुशन संध्याकाळी घरी आली असती. धंद्यात मी असे प्रसंग पाहिलेत. गप्प बसण्याला कोणी खोटं म्हणत नाही.

सुलतानचाचा सांगतो, वाळूवरून गलबतापर्यंत चालत जायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "पाद्रीबाबा, ही शिवण धरणार नाही. हे लोक बुडतील. चिलखतांसकट."

कप्तान हसला. "कशीशचे पाय लटपटले."

आन्सेल्मोने त्याच्या डोळ्यांत बघितलं. "त्या म्हातारीसाठी तू खोटं बोलतोयस."

"मग मी आत बसतो," शिमोन म्हणाला. सुंभाचं एक बंडल, मोगरी आणि उरलेल्या खुंट्या घेऊन तो आत चढला आणि डाव्या ओळीपाशी जाऊन बसला. पाद्री क्षणभर घुटमळला आणि त्याच्या मागोमाग चढला.

ओहोटी चालू होती. गलबत सपाट्याने पट्टा ओलांडून गेलं. पहिली लाट गेली, दुसरी गेली. तिसऱ्या लाटेला डाव्या अंगाची शिवण हातभर उघडली.

पाणी आत घुसलं तसा कप्तान परत फिरा म्हणून ओरडायला लागला. पण ओहोटी बाहेर ओढत होती, फिरायला जागा नव्हती. शिपाई शिरस्त्राणांनी पाणी उपसत होते. पोहता येणारे थोडे, आणि चिलखतांचे पट्टे भिजून आवळलेले. शिमोनने उघडलेल्या फटीतून सुंभ बाहेर ढकलला. पण बाहेर घेणार कोण? तरी त्याने मोगरी उचलली आणि दोनदा ठोकलं. का ठोकलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. वीस वर्षांचा हात होता.

आईला खाडीबाहेर थांबलेल्या मोठ्या गलबतावर चढवून इद्रूस आपल्या लहान होडीतून परत येत होता. शंभर हातांवर होता तो. हे गलबत कोणासाठी बांधलं ते त्याला आता समजलं होतं. शिपाई, भाले, समोर आईच्या गलबताचं शीड, न समजायला काय होतं? त्याने वल्ही थांबवली. इथे दोघांचं जुळत नाही. इनासमामा म्हणतो, चाळीस जीव बुडताना त्याला बघवले नाहीत. सुलतानचाचा म्हणतो, चाळिसांचं त्याला काही पडलेलं नव्हतं, शिमोन आत होता म्हणून. मला विचाराल तर, त्या माणसाला वाईट शिवण बघवली नसेल. कारागीर मी पुष्कळ पाहिलेत.

काही का असेना, त्याने होडीतला दांडा उचलला आणि उडी मारली.

फटीबाहेर डोकं काढून तो पहिलं बोलला ते असं: "शिमोन्या, ही शिवण आहे की मासे पकडायचं जाळं? दे इकडे!"

सुंभ बाहेर गेला. ठक ठक. बाहेरून असा ताण बसला की फळ्या कुरकुरल्या. शिमोनने खुंटी मारली. ठक. सुंभ सैल झाला, पुढच्या भोकातून आत आला. इद्रूस बुडी मारी, धरी, वर येऊन श्वास घेई आणि पुन्हा बुडी मारी. मधल्या वेळात हजचं गलबत शिडात वारा भरून त्यांच्या समोरून गेलं, हाकेच्या अंतरावरून. कोणी भालाही उचलला नाही. सगळे पाणी उपसत होते. पाद्रीसुद्धा.

ओहोटी संपली. भरतीने गलबत पुन्हा आत लोटायला सुरुवात केली. समोर वाळूचा पट्टा, त्यावर फुटणाऱ्या लाटा. सात भोकांपैकी सहा शिवून झाली होती. सातव्यातून सुंभ गेला, शिमोनने दोनदा ठोकलं, बाहेरून ताण बसला. शिमोनने मागे हात घातला. खुंट्या संपल्या होत्या.

म्हणजे किनारा लागेपर्यंत तो टाका हातानेच धरून ठेवायला हवा होता. बाहेरून. आणि समोरच्या लाटांमध्ये गलबताच्या बाहेर, फळीला चिकटून राहणारा माणूस वाचत नाही, हे पाद्रीखेरीज तिथे सगळ्यांना कळत होतं.

शिमोनने मोगरी उचलली आणि एकदा ठोकलं.

सुंभ सैल झाला नाही.

त्याने पुन्हा ठोकलं. "सोड!" तो फळीला तोंड लावून ओरडला. "इद्रूस, सोड!"

"काय सांगतोयस त्याला?" आन्सेल्मोने विचारलं.

"सोड म्हणतोय."

"त्याने सोडलं तर आपण?"

"आपण बुडू."

पाद्रीने वळून शिपायांकडे पाहिलं. त्यातले काही जण त्याच्याच गावचे होते. मग त्याने त्या सुंभाकडे पाहिलं. तो इतका ताठ होता की त्यातून पाणी निथळत होतं. सुंभ आवळून शिमोनची बोटं सोलून निघाली होती. पाद्रीने त्याच्या हातातून मोगरी काढून घेतली आणि स्वतः, सगळा जोर लावून, फळीवर एकदा ठोकलं.

सुंभ सैल झाला नाही. पहिल्या लाटेत नाही, दुसरीत नाही, गलबताचा तळ वाळूला टेकला तेव्हाही नाही. म्हणे, शिपाई उतरून किनाऱ्याला बसले, कोणी रडले, कोणी ओकले, तरी त्या टाक्याचा ताण तसाच होता. शिमोन उतरून बाहेरच्या बाजूला गेला. सुंभ मनगटाला सात वेढे घालून इद्रूसने दांडा दोन फळ्यांच्या कडेत अडकवला होता. तो केव्हाच गेलेला होता. सुंभ कापावा लागला.

खाडीपलीकडून शुशन तरीने आली. तिने कोणाला काही विचारलं नाही. पदर फाडून शिमोनची बोटं बांधली आणि त्याच्या दंडाला धरून घराकडे निघाली. पायवाटेवर आन्सेल्मो उभा होता. तो बाजूला झाला आणि त्यांना वाट दिली.

रिबका मात्र त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. गलबत परत आलं होतं, युद्ध झालं नव्हतं, माफीचं काय? "माझं पोर?" एवढंच तिने विचारलं.

तो त्या लोकांच्याच बोलीत, मोडकंतोडकं, म्हणाला, "त्याचा बाप्तिस्मा झाला होता, आई. मी चुकलो होतो."

इद्रूसच्या दफनाला तो कबरस्तानाच्या वेशीबाहेर उभा राहिला. कप्तान आणि शिपाई पुढे मिळेल त्या व्यापारी जहाजाने गेले. आन्सेल्मो त्यांच्याबरोबर गेला नाही. तो पायी उत्तरेकडे निघाला. पुढे त्याचं काय झालं ते कुसेरीत कोणाला ठाऊक नाही, आणि मी उगाच जोडून सांगणार नाही.

गलबत मोडलं. त्याच्या डाव्या अंगाच्या फळ्या शिमोनने देवळाच्या दारासाठी मागून घेतल्या. भोकं पाडून चौकटीत उभ्या केल्या, पण शिवायच्या राहिल्या, कारण बाहेर बसायला कोणी आलं नाही. मोहल्ल्यातून कोणी तो चढ चढेना. त्यांचा माणूस गेला होता, तेही त्याच्या आईला मारायला निघालेल्यांना वाचवताना, आणि ते गलबत शिमोनच्या हातचं होतं. तुम्ही-आम्ही असतो तर आलो असतो का? वर्षभर देवळाला दार नव्हतं. पाऊस वेदीपर्यंत येई.

पुढच्या वर्षी हजचं गलबत परतलं. इद्रूसची आई हलिमाबी उतरली. तिला धक्क्यावरच सांगितलं गेलं. ती घरी गेली नाही. प्रवासाच्या कपड्यांतच तो चढ चढून देवळापाशी आली. मागून मोहल्ला, समोरून किरिस्ताव. शिमोन फळ्यांच्या आत बसलेला होता. बाहेर यायचं त्याला धैर्य झालं नाही.

"आत तूच होतास ना?" तिने फळ्यांमधून विचारलं.

"होय, हलिमाबी."

"सोड म्हणालास त्याला?"

"म्हणालो. दोनदा म्हणालो. ओरडलो."

"ऐकलं नाही?"

"नाही."

म्हातारीने फळीच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पहिल्यापासून ऐकत नसे." आणि पायरीवर बसली. फळीला पाय लावला. "धरायचं कसं, ते सांग मला."

तेव्हापासूनची ही रीत. पुढे फिरंग्यांचं राज्य आलं, त्यांचे पाद्री आले, सुरियानी प्रार्थना गेली. आता इथले फादर अविवाहित असतात आणि त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. पण दाराचा सुंभ आत बसणाऱ्याच्या घरच्या बाईने स्वतः वळलेला लागतो. काथ्या माझ्याकडून नेतात, पण बाजारचा वळलेला सुंभ चालत नाही, हे मी तोटा सोसून सांगतो.

आजही पहिला टाका बाहेरून बाईच धरते, मग पुरुष बसतात. दुपारपर्यंत सातही फळ्या शिवून होतात. त्यानंतर दार लावतात आणि आतून घागरीने त्यावर पाणी ओततात. बाहेरचे गुडघ्यांवर बसून थेंब येतो का ते बघतात. पाहुणे हसतात. दार काय समुद्रात न्यायचंय? गेल्या वर्षी तिसऱ्या फळीखाली थेंब दिसला. जेवणाच्या मांडवात पानं वाढलेली होती, मोहल्ल्यातून आलेल्या बिर्याणीच्या डेगचीचं झाकण तेवढं काढायचं राहिलं होतं. आत इनासमामा होता, बाहेर सुलतानचाचा. दोघांनी अख्खी ओळ उसवली आणि पुन्हा पहिल्या भोकापासून बसले.